पॅड नवे आणि आवाजही नवा : घरी ब्रेक बदलताना लागणाऱ्या सामानाचं परीक्षण

पॅडच्या खोक्यावर कोणतं नाव छापलंय ते नंतर बघा, आत पत्र्याच्या क्लिपा आहेत का ते आधी बघा. घरी पुढचे ब्रेक पॅड बदलल्यावर सुरू होणारी चीं-चीं, खडखड किंवा खोल जाणारं पेडल यांपैकी फार थोड्या तक्रारींचं मूळ पॅडच्या लायनिंगमध्ये, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या थरात, असतं. बहुतेक वेळा ते जुन्या क्लिपांत, चुकीच्या ग्रीसमध्ये, हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) साचलेल्या गंजात नाहीतर नटांच्या आवळणीत सापडतं. म्हणून हे परीक्षण एकट्या पॅडचं नाही. स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन, टियागो अशा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या लहान गाडीचं काम अंगणात करणारा माणूस दुकानातून जे जे आणतो, त्या सगळ्याचं आहे. त्यातलं काय पैशाला उतरतं, काय फसवतं आणि कुठल्या आवाजाला कुठली वस्तू उपयोगी पडते, ते इथे सांगितलं आहे.

पॅडचं खोकं

लहान गाडीच्या पुढच्या पॅडचा सेट साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत मिळतो. गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, बॉश, टीव्हीएस गर्लिंग, राणे, अलाइड निप्पॉन हे पर्याय पुण्यात नाना पेठेत काय किंवा तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काय, सहज मिळतात. यांतला कुठलाही अस्सल सेट रोजच्या वापराला पुरेसा आहे. फरक असतो तो सोबतच्या सामानात. काही खोक्यांत चार पॅड, क्लिपा, पॅडच्या पाठीवर चिकटवलेली शिम (आवाज दाबणारा पातळ पत्रा) आणि ग्रीसची छोटी पुडी असते, तर काहींत नुसते चार पॅड. दुसऱ्या प्रकारचा सेट दोनशे रुपयांनी स्वस्त पडला तरी क्लिपांचा संच वेगळा घ्यावा लागतो, आणि तो न घेता जुन्याच क्लिपांवर काम उरकलं जातं. आवाजाची सुरुवात तिथून होते.

दुकानातच खोकं उघडून चार गोष्टी तपासा. पहिली, लायनिंग जिच्यावर चिकटवलेलं असतं त्या लोखंडी पाटीच्या कानांवर रंगाचा जाड थर नको. कान क्लिपेत बसतात आणि तिथे पॅड बोटाने ढकलून सरकला पाहिजे. दुसरी, लायनिंगच्या दोन्ही टोकांना उतार दिलेला असावा. काटकोनात तुटलेली कड डिस्कला आधी पकडते आणि आवाज करते. उतार एकाच टोकाला असेल किंवा पाटीवर बाण असेल, तर तो पॅड दिशेचा आहे. बाण गाडी पुढे जाताना डिस्क ज्या दिशेने फिरते त्या दिशेला हवा. तिसरी, झिजेची सूचना देणारी वाकडी पत्री कुठल्या पॅडवर आहे ते पाहा. ती बहुतेक गाड्यांत आतल्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडच्या पॅडवर असते. बाहेरचा पॅड आत बसवला किंवा ही पत्री वाकली, तर नवा पॅड पहिल्याच दिवसापासून न थांबता किंचाळतो. चौथी गोष्ट म्हणजे कडेवर छापलेली दोन अक्षरं.

या अक्षरांबद्दल दुकानांत बरेच गैरसमज आहेत. एफएफ, जीएफ, जीजी अशी ती जोडी असते. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती राहते ते. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही पकडीची वर्गवारी आहे, दर्जाची नव्हे. पॅड किती टिकेल, किती धूळ सोडेल किंवा आवाज करेल का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. तरी घाटात नेमाने उतरणाऱ्या गाडीला दुसरं अक्षर ई असलेला पॅड घेऊ नये. तापल्यावर पकड सुटते आणि आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना पाय नेहमीपेक्षा जोरात दाबावा लागतो.

लायनिंगचा प्रकार मात्र आवाजावर थेट परिणाम करतो. लोखंडाचा चुरा जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण थंड असताना आवाज करतात आणि डिस्कही जास्त खातात. सेंद्रिय तंतूंचे पॅड शांत असतात आणि शहरातल्या वापराला तेच योग्य. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड धूळ कमी करतात, पण लहान गाडीला त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याच पैशांत क्लिपा, ग्रीस आणि ताजं ब्रेक ऑईल येतं.

शिमबद्दल एक इशारा. नव्या पॅडवर शिम आधीच चिकटवलेली असेल तर जुनी शिम वर घालू नका. जाडी वाढते, पॅड डिस्कला घासत राहतो आणि दोन थरांत दबल्यामुळे पेडल मऊ लागतं. पॅडवर शिम नसेल आणि जुनी सपाट, न गंजलेली असेल, तर ती पुसून वापरता येते.

क्लिपा आणि त्यांच्या खालचा गंज

क्लिपांचा संच हा या यादीतला सगळ्यात मोलाचा खर्च आहे. पॅड ज्या लोखंडी ब्रॅकेटमध्ये बसतो तिथे या स्टीलच्या क्लिपा असतात. पॅड सरकता ठेवणं आणि सैल होऊ न देणं, ही दोन्ही कामं त्यांची. जुन्या क्लिपेचा ताण गेला की पॅड ब्रॅकेटमध्ये हलतो. मग रिव्हर्स घेऊन पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच ‘खट्’ असा आवाज येतो, कारण दिशा बदलल्यावर पॅड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आदळतो. खड्ड्यांतून जाताना खडखड येते आणि पेडलला पाय हलका टेकवला की थांबते, हीदेखील तीच खूण.

नुसत्या नव्या क्लिपा लावून भागत नाही, आणि घरच्या कामात नेमकं हेच राहून जातं. क्लिपेखाली ब्रॅकेटवर गंज फुगतो. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीत तर हमखास. त्या गंजावर नवी क्लिप बसवली की ती उचललेली राहते, पॅडचे कान अडकतात आणि हातोडीने ठोकून पॅड बसवला जातो. ठोकून बसलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही. मग चाक तापतं, लायनिंगवर काचेसारखा कडक, चकचकीत थर चढतो आणि सतत बारीक किंचाळणं सुरू होतं. उपाय साधा आहे. ब्रॅकेट काढा, क्लिपांची जागा वायर ब्रशने आणि चपट्या कानशीने चकचकीत होईपर्यंत साफ करा, मग क्लिप बसवा. तरीही पॅड घट्ट जात असेल तर कानांवरचा जास्तीचा रंग खरवडा. कानाचं लोखंड मात्र कानसू नका, कारण ती जागा एकदा सैल झाली की पुन्हा भरून येत नाही.

ग्रीस : सगळ्यात स्वस्त वस्तू, सगळ्यात महागडी चूक

ब्रेकला दोन वेगवेगळी ग्रीस लागतात आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. कॅलिपर (पिस्टन असलेला, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉनचं, रबराला चालणारं ग्रीस हवं. पॅडचे कान, क्लिपा आणि पाटीची मागची बाजू यांना उष्णता सोसणारं, धातू नसलेलं सिरॅमिक ग्रीस हवं. दोन्हींच्या लहान ट्यूब घेतल्या तरी बरीच वर्षं पुरतात, कारण प्रत्येक ठिकाणी पातळ लेप एवढंच प्रमाण आहे. पिनेच्या भोकात ग्रीस ठासून भरलं तर आत हवा कोंडते, पिन बाहेर ढकलली जाते आणि कॅलिपर नीट सरकत नाही.

बेअरिंगचं पिवळं किंवा निळं ग्रीस, इंजिन ऑईल, गंज सोडवणारा स्प्रे, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही रबराजवळ नको. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. अनेक गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला छोटी रबरी बुशी असते. ती फुगली की पिन भोकात अडकून बसते. हा दोष लगेच दिसत नाही, दोनेक महिन्यांनी एक पॅड संपलेला आणि दुसरा जवळपास नवा निघतो तेव्हा कळतो. पिना काढताना कुठली वर होती आणि कुठली खाली, याचा फोटो घ्या. बुशीची पिन चुकीच्या जागी गेली की खडखड सुरू होते.

तांब्याचं ग्रीस अजूनही सर्रास विकलं जातं. लोखंडी कॅलिपर असलेल्या जुन्या गाडीत पाटीच्या मागे ते चालून जातं. अॅल्युमिनियमचा कॅलिपर आणि शेजारी एबीएसचा (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असेल तर टाळा. सिरॅमिक ग्रीस मिळत असताना तांब्याचं घेण्याचं कारण उरत नाही.

लायनिंगला किंवा डिस्कला ग्रीसचा डाग लागला तर? डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते. पॅड मात्र तेल पितो. तो जाळून, घासून, पेट्रोलने धुऊन वाचत नाही. तसा पॅड टाकून द्या आणि दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल.

ब्रेक क्लीनरचा डबा म्हणूनच घेण्यासारखा आहे. नवीन डिस्क गंज लागू नये म्हणून तेलाचा थर देऊन विकतात. तो थर न काढता बसवली की पहिल्या दहा ब्रेकांतच पॅड खराब होतात. क्लीनर नसेल तर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकू नका आणि हवेचा पाइपही मारू नका. ती फुफ्फुसात जायला नको. क्लीनर मारून किंवा ओल्या फडक्याने ती ओलीच उचला.

आवाज ऐकून वस्तू ठरवा

नवं काही विकत घेण्याआधी मोकळ्या रस्त्यावर काच खाली करून हळू चालवा आणि आवाज केव्हा येतो ते पाहा.

ब्रेक न दाबता सतत खरखर येत असेल, तर आधी डिस्कच्या मागचा पातळ पत्रा बघा. डिस्क काढताना हाताचा किंवा पान्याचा दाब लागून तो वाकतो आणि डिस्कला घासतो. दोन बोटांनी बाहेर ओढला की काम झालं. त्या पत्र्यामागे खडा अडकला तरी असाच आवाज येतो. पावसाळी रात्रीनंतर सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकांना खरखर आली आणि मग गेली, तर तो डिस्कवरचा रात्रीचा गंज. त्यावर एक पैसाही खर्चू नका.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘श्श... श्श...’ असं घासलं जात असेल, तर जुन्या डिस्कच्या कडेला तयार झालेला उंच काठ नव्या पॅडच्या टोकाला लागतो आहे किंवा डिस्क हबवर वाकडी बसली आहे. काठ असेल तर डिस्कची जाडी मोजा. किमान जाडी डिस्कच्या काठावर किंवा मधल्या टोपीवर मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. तिच्या वर पुरेसा माल असेल तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घेता येतो, नसेल तर दोन्ही डिस्क बदलायच्या. साधा व्हर्निअर मधल्या झिजलेल्या भागावर लावताना काठावर टेकतो आणि जाडी खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा.

फक्त हलक्या ब्रेकला बारीक चीं येते आणि जोरात दाबल्यावर जाते, हा लायनिंग आणि डिस्कमधल्या कंपनाचा आवाज. इथे शिम, पाटीमागचं सिरॅमिक ग्रीस आणि नीट बसवणी या तीन गोष्टी उपयोगी पडतात. उलट दाब वाढेल तसा घरघराट वाढत असेल, हाताला किंवा पायाला तो जाणवत असेल, तर लोखंडावर लोखंड घासतं आहे असं धरून गाडी तिथेच थांबवा आणि चाक काढून बघा.

ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडतं, स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार बऱ्याचदा काही हजार किलोमीटरनंतर येते. म्हणून तिचा संबंध घरच्या कामाशी कुणी जोडत नाही. पण तो असतो. डिस्क बसवताना हबच्या तोंडावर गंजाचा किंवा मातीचा कण राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते. हबची त्रिज्या ७० मिलिमीटर आणि डिस्कची १२० धरली, तर हबच्या कडेवरचा ०.०५ मिलिमीटरचा कण डिस्कच्या काठावर सुमारे ०.०९ मिलिमीटरचं डोलणं करतो. तेवढ्याने लगेच काही जाणवत नाही. पण डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी टेकत राहते, ती जागा वेगळी झिजते आणि जाडी कमी-जास्त झाली की धडधड सुरू होते. डिस्क बदलून हबवरचा गंज तसाच ठेवला, तर नवी डिस्कही त्याच वाटेने जाते.

हे डोलणं मोजायला चुंबकाच्या पायाचा डायल गेज (सुईचं बारीक माप) उपयोगी आहे आणि एका कामापुरता तो मित्राकडून मागून आणला तरी चालतो. डिस्क सगळ्या नटांनी वॉशर घालून आवळा, सुई काठापासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क सावकाश फिरवा. ०.०५ पर्यंत उत्तम. ०.१ च्या वर गेलं तर डिस्क काढून हब साफ करा आणि डिस्क एका नटाच्या जागेने फिरवून पुन्हा मोजा.

हत्यारं

मोठा सी-क्लॅम्प आणि जुना पॅड एवढ्यावर पुढचा पिस्टन आत जातो. पिस्टन दाबायच्या खास किटवर पैसे घालवायची गरज पुढच्या चाकांना नाही. मागेही डिस्क असून हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर मात्र पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. तिथे सी-क्लॅम्पने दाबला तर आतली यंत्रणा मोडते, म्हणून ते किट तिथे घ्याच. पिस्टन दाबण्याआधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या बाटलीची पातळी पाहा. काठोकाठ असेल तर थोडं ऑईल पिचकारीने काढा, कारण ते वर येऊन सांडतं. गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसू नका, भरपूर पाण्याने धुवा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेच्या हुकाने स्प्रिंगला टांगा.

टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, ही चैन नाही. पण बाजारात सगळ्यात जास्त खपणारा अर्धा इंची रेंच साधारण २८ ते २१० न्यूटन मीटरचा असतो आणि लहान गाडीच्या कॅलिपर पिनांचे बोल्ट पुष्कळदा २२ ते ३५ च्या आसपास असतात. म्हणजे जिथे चूक सगळ्यात सहज होते तिथेच हा रेंच आपल्या मापाच्या तळाशी असतो किंवा पोचतच नाही. चाकाचे नट आणि ब्रॅकेटचे मोठे बोल्ट यांना तो योग्य आहे. पिनांसाठी ३/८ इंची लहान रेंच हवा. एकच घेणं परवडत असेल तर मोठा घ्या आणि पिनांचे बोल्ट छोट्या पान्याने, पाइप न लावता, बेताने आवळा. नेमके आकडे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचे. चाकाचे नट समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. एकेका नटाला एकदम पूर्ण ताकद लावली तर डिस्क हबवर वाकडी बसते आणि वर सांगितलेली धडधड तयार होते. ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

ब्रॅकेटचा बोल्ट सैल राहिला तर प्रत्येक ब्रेकला ठक् असा जड आवाज येतो. हा आवाज ऐकून घरापर्यंत जाऊ म्हणू नका. बोल्ट निघाला तर कॅलिपर चाकात अडकतो.

इन्फ्रारेड तापमापी ही वस्तू स्वस्त आणि खरोखर उपयोगी आहे, पण तिचा आकडा जसाच्या तसा मानू नका. चकचकीत डिस्कवर ती तापमान कमी दाखवते. दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी मोजून फरक पाहायचा. शक्य तितका कमी ब्रेक वापरत पाच-सहा किलोमीटर चालवा, थांबा आणि लगेच मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर तिथला पॅड, पिन किंवा पिस्टन अडकला आहे.

पेडल खोल जातं तेव्हा

पॅड बदलून चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत हळूहळू दाबत राहायचं. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना पेडल तळाला जातं. हे विसरून गिअर टाकला तर गाडी समोरच्या भिंतीवर जाते. सगळ्या कामातली सर्वांत धोक्याची पायरी हीच आहे.

त्यानंतरही पेडल नीट वाटत नसेल तर ते कसं वाईट आहे ते ओळखा. एकदा दाबल्यावर खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर घट्ट लागतं, तर कारण नळीतली हवा नसून पॅड किंवा शूपुढची जास्तीची मोकळी जागा असण्याची शक्यता मोठी. लहान गाड्यांत याचं उत्तर बहुधा मागच्या ड्रममध्ये असतं. पुढचे पॅड बदलले म्हणून लक्ष पुढे, आणि मागचे शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे) मात्र ड्रमपासून दूर राहिलेले. स्पंजासारखं दबतं आणि प्रत्येक दाबाला थोडं घट्ट होत जातं, तर नळीत हवा आहे. पाय तेवढ्याच जोराने ठेवल्यावर पेडल सावकाश खाली बसत जातं आणि बाहेर कुठेही गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑईलला देणाऱ्या भागाच्या) आतली सील गेली आहे. ते पॅडने किंवा ऑईलने सुधारत नाही आणि तोवर गाडी चालवूही नये.

शेवटच्या दोषाला घरचं काम कारण होऊ शकतं. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो आणि तिथे गंज व गाळ साचतो. हवा काढताना पेडल फळीपर्यंत दाबलं की सील त्या खरखरीत भागावर जाते आणि फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दाबाची लांबी कमी केली की हा धोका टळतो.

इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. अजिबात हललं नाही आणि पेडल दगडासारखं असेल तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघा.

ब्रेक ऑईल घेताना डब्यावरचा आकडा बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या बाटलीच्या झाकणावरच्या आकड्याशी जुळवा. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण हे ऑईल हवेतला ओलावा पितं आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. लांब घाट उतरताना पेडल अचानक मऊ होतं ते यामुळे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. डबा अर्ध्या लिटरचाच घ्या. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवण्याची वस्तू नाही.

पेनासारखा ऑईल टेस्टर हौसेने घेतला जातो. तो विजेच्या वहनावरून अंदाज देतो आणि ऑईलच्या प्रकाराप्रमाणे चुकतो. दोन वर्षांनी ऑईल बदलणं त्यापेक्षा भरवशाचं. हवा काढायला एकट्या माणसासाठी झडपवाली बाटली पुरते. हातपंपाने व्हॅक्यूम ओढणारं किट मात्र गोंधळात टाकतं, कारण ब्लीडरच्या (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या स्क्रूच्या) आट्यांतून बाहेरची हवा आत येते आणि नळीत बुडबुडे दिसतच राहतात. प्रत्यक्षात हवा केव्हाच निघालेली असते. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने ब्लीडर उघडायचा, ही जुनी रीत आजही छान काम करते. बॉनेटखालची ऑईलची बाटली कधीही रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लावावा लागतो आणि ते घरी होत नाही.

कॅलिपर बदलले असतील आणि कितीही हवा काढली तरी पेडल स्पंजच राहत असेल, तर ब्लीडर वरच्या टोकाला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला की ब्लीडर खाली येतो आणि हवा वरच अडकून राहते.

मागचं ड्रम किट

शू, स्प्रिंगांचा संच आणि शू-ड्रममधलं अंतर राखणारा अॅडजस्टर असं किट मिळत असेल तर स्प्रिंगांसकट घ्या. ताण गेलेली स्प्रिंग शूला पूर्ण मागे ओढत नाही. अॅडजस्टरच्या आट्या डाव्या-उजव्या चाकाला उलट दिशेच्या असतात. अदलाबदल झाली की तो ताणण्याऐवजी आखडतो आणि काही दिवसांत पेडल खोल जाऊ लागतं. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुन्याला राहू द्या. मागच्या पाटीवर शू टेकतो त्या उंचवट्यांना उष्णतेच्या ग्रीसचा ठिपका लावा. ते कोरडे राहिले तर पेडल दाबताना-सोडताना मागून कुरकुर येते. आधी शू ड्रमजवळ आणायचे, हँडब्रेकची केबल त्यानंतर. केबल ओढून शूचं अंतर भरून काढलं तर अॅडजस्टर काम करणं थांबवतो.

पहिली वीस मिनिटं

पॅडला डिस्कवर आपला पातळ थर चढवायला वेळ द्यावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून गार करा. तापलेल्या अवस्थेत थांबून पेडल दाबून धरलं, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. हे सगळं करूनही दोन-तीनशे किलोमीटर बारीक आवाज राहू शकतो, तेवढा जाऊ द्या. त्यानंतरही राहिला तर चाक उघडा.

आणि जुने पॅड आठवडाभर फेकू नका. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे किंवा कान ब्रॅकेटमध्ये अडकला आहे. नव्या पॅडने आवाज केला, तर पुन्हा दुकानात जाण्याआधी हे चार जुने तुकडे शेजारी मांडून बघा.